स्नायूतील निरोप्ये

विलेपार्ल्याच्या स्थानकावरील पुलाचा जिना सकाळी साडेआठच्या सुमारास पाहावा. कचेरीची गाडी गाठण्याकरिता निघालेली माणसे, एका हातात डबा व दुसऱ्या हातात छत्री, दोन दोन पायऱ्या एका ढांगेत ओलांडून जात असतात. आणि आपण काही विशेष करीत आहोत असे त्यांच्यापैकी एकाच्याही मनात येत नाही. त्याच जिन्याच्या तळाशी कठडा धरून थांबलेला एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कल्पनेने उभा करावा. दोन वर्षांपूर्वी तो शाळेच्या पटांगणावर इतरांबरोबर धावत होता. आता एकेका पायरीवर गुडघ्यास हाताचा रेटा देऊन त्यास शरीर वर उचलावे लागते. पाटावर जेवावयास बसला तर उठताना भिंतीचा आधार लागतो. ताप नाही, ठणका नाही, भूक उत्तम. घरची माणसे प्रथम ह्याला आळस म्हणतात, मग अशक्तपणा समजून दूधतूप वाढवितात, आणि अखेर डॉक्टरांच्या दारी येतात. मुलगा कल्पनेतील आहे. त्याचा रोग मात्र कल्पनेतील नाही, आणि त्या रोगाचा माग काढण्याच्या कामात मुंबईचा वाटाही लहान नाही.

कमरेचे आणि खांद्याचे स्नायू हळूहळू झिजविणाऱ्या ह्या रोगांच्या कुळास वैद्यकात ‘लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ असे लांबलचक नाव आहे. कुळ म्हणण्याचे कारण असे की, बाहेरून सारखीच दिसणारी ही दुखणी आतून निरनिराळ्या जनुकांतील दोषांमुळे उद्भवतात. त्यांपैकी एका प्रकारात ‘कॅल्पेन-३’ नावाचे प्रथिन बिघडलेले असते. हे प्रथिन स्नायूत हजर आहे की नाही हे पाहणे ही एक गोष्ट. आणि हजर असून ते काम करते की नाही, करीत असल्यास कोठे करते व केव्हा करते, हे पाहणे ही अगदी दुसरी गोष्ट होय. पहिली गोष्ट पाहण्याची युक्ती शास्त्रज्ञांस १९४१ साली सापडली. दुसरी ते अजून शिकत आहेत. आणि त्या मुलाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते दुसरीलाच.

प्रथम स्नायू म्हणजे काय ते थोडक्यात पाहिले पाहिजे. मांडीचा स्नायू उघडून पाहिला तर केसासारख्या बारीक तंतूंची ती एक मोळी असते. प्रत्येक तंतू ही एकच लांबलचक पेशी. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्या पेशीवर आडवे पट्टे दिसतात, आणि दोन पट्ट्यांमधील अंतर मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतके असते. ह्या लहानशा खोलीत ॲक्टिन व मायोसिन ह्या प्रथिनांच्या सळया एकमेकींत शिरलेल्या असतात. स्नायू आखडतो तेव्हा ह्या सळया स्वतः आखूड होत नाहीत. त्या एकमेकींवरून सरकतात. ही गोष्ट १९५४ साली निश्चित झाली. ज्या इंधनावर हे सरकणे चालते ते ‘ए. टी. पी.’ हे द्रव्य १९२९ साली स्नायूंतूनच वेगळे करण्यात आले. ते वेगळे करणाऱ्यांत हार्वर्ड येथे काम करणारे भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे एक होते, ही गोष्ट आपल्याकडील शाळांच्या पुस्तकांत अजून पुरेशी ठळकपणे येत नाही.

परंतु सळया आहेत, इंधनही आहे, मग स्नायू सदाच आखडलेला का राहत नाही? त्यास ‘आता’ असे कोण सांगते? ह्याचे उत्तर लंडनच्या सिडनी रिंगर ह्यांना जवळजवळ अपघातानेच मिळाले. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते मिठाच्या पाण्यात किती वेळ धडधडते, ह्याचे प्रयोग ते करीत होते. हृदय पुष्कळ वेळ चालले. मागून त्यांच्या ध्यानात आले की, मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचेच पाणी वापरले होते. शुद्ध पाणी घेताच हृदय लवकर थांबू लागले. नळाच्या पाण्यात असलेला आणि शुद्ध पाण्यात नसलेला तो जिन्नस म्हणजे कॅल्शियम, असे त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. चुन्यात, हाडांत आणि शिंपल्यांत असणारे हे निर्जीव वाटणारे मूलद्रव्य स्नायूचा निरोप्या निघाले.

निरोप्या हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या वाटेने विजेच्या रूपात स्नायूच्या पृष्ठभागापर्यंत येतो. तेथून पुढे पेशीच्या आत तो कॅल्शियमच्या रूपाने जातो. स्नायूतंतूच्या पोटात जाळीदार पिशव्या असतात व त्यांत कॅल्शियम साठविलेला असतो. हुकूम येताच पिशव्यांची तोंडे उघडतात, कॅल्शियम बाहेर धावतो, आणि काम होताच पुन्हा आत खेचला जातो. पण नुसत्या निरोपाने काम होत नाही. तो वाचणारा पाहिजे. निरोप वाचणारी प्रथिने स्नायूत अनेक आहेत. जपानच्या सेत्सुरो एबाशी ह्यांनी शोधलेले ट्रोपोनिन हे त्यांपैकी एक. ते सळयांना मोकळीक देते. कॅल्मोड्युलिन हे दुसरे. ते कॅल्शियम अंगावर घेऊन इतर प्रथिनांना कामास लावते. आणि तिसरे कूळ कॅल्पेनांचे. ही प्रथिने म्हणजे कॅल्शियमच्या हुकमाने चालणाऱ्या कात्र्या होत. कच्च्या पपईचा तुकडा घातला म्हणजे मटण लवकर मऊ होते, हे मांसाहारी घरातील कोणतीही गृहिणी सांगेल. पपईतील त्या द्रव्यास पपेन म्हणतात. ते प्रथिनांचे तुकडे करते. कॅल्शियम आणि पपेन ह्या दोन नावांची जोडाक्षरी म्हणजेच ‘कॅल्पेन’. स्वयंपाकघरात जे पपई करते, ते स्नायूच्या आत कॅल्पेन करते. मात्र सरसकट नव्हे, तर निवडून, ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. श्रमाने झिजलेला भाग कापून काढावा आणि नव्यास जागा करावी, असे तिचे काम असावे असा तज्ज्ञांचा कयास आहे.

१९८७ साली ड्युशेन नावाच्या भयंकर स्नायूरोगाचे कारण सापडले. त्या रोगात डिस्ट्रॉफिन नावाचे, पेशीच्या भिंतीस आतून टेका देणारे प्रथिन मुळातच नसते. त्यानंतर असा समज दृढ झाला की, स्नायू झिजण्याचे रोग म्हणजे इमारतीतील एखादा खांब किंवा तुळई नसण्याचे रोग. हा समज १९९५ साली मोडला. मॉरिशसच्या शेजारी रेयुनियाँ नावाचे फ्रेंचांचे बेट आहे. तेथे मोजक्या वसाहतकऱ्यांपासून वाढलेल्या आणि आपापसांत सोयरिकी करणाऱ्या काही कुटुंबांत कमरेचे स्नायू झिजण्याचा रोग पिढ्यानपिढ्या चालत आला होता. इझाबेल रिशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या कुटुंबांच्या साहाय्याने दोषी जनुक शोधून काढले. ते कोणत्याही खांबाचे नव्हते. ते एका कात्रीचे, कॅल्पेन-३चे होते. इमारत पूर्ण आहे, पण तिची डागडुजी करणारा कारागीर कामावर नाही, म्हणून ती ढासळते. असा हा प्रकार होता. शिवाय इतक्या लहानशा बेटावर सर्वांत एकच दोष सापडेल अशी अपेक्षा असता, निरनिराळे सहा दोष सापडले, हे आणखी एक कोडे.

आता दिव्याकडे वळावयास हरकत नाही. काही द्रव्यांचा असा गुण आहे की, त्यांवर डोळ्यास न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश पडला असता ती त्याचे रूपांतर दिसणाऱ्या प्रकाशात करून तो परत देतात. हिवतापाच्या रोग्यास दिले जाणारे क्विनाइन पाण्यात विरघळवून उन्हात धरले तर त्याच्या कडेला एक सुंदर निळी झाक दिसते. ह्या निळ्या झाकेचा अभ्यास करून केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स ह्यांनी १८५२ साली ह्या गुणास फ्लुओरेसन्स असे नाव दिले. मराठीत त्यास प्रतिदीप्ती म्हणतात. सूक्ष्मदर्शकास ह्या गुणाचा उपयोग असा की, आत सोडलेला प्रकाश एका रंगाचा आणि वस्तूने परत दिलेला दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे, मध्ये योग्य काच बसवून पहिला पूर्णपणे अडविता येतो. मग काळोखात फक्त तेवढी वस्तूच चमकते. दिवसाउजेडी काजवा दिसत नाही. रात्री तो झाडावर कोठे बसला आहे हे लहान मूलही सांगते.

हा काजवा हव्या त्या प्रथिनाच्या पाठीवर बसविण्याची युक्ती हार्वर्डच्या ॲल्बर्ट कून्स ह्यांनी १९४१ साली काढली. शरीर रोगजंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडे बनविते ती फार चोखंदळ असतात. एक प्रतिपिंड एकाच ठरावीक प्रथिनास चिकटते. कून्स ह्यांनी प्रतिपिंडास प्रतिदीप्त रंग जोडला. स्नायूरोगाच्या तपासणीतही हीच रीत चालते. रुग्णाच्या दंडातून किंवा मांडीतून वाटाण्याएवढा तुकडा काढतात, तो अतिशय थंड द्रवात तत्क्षणी गोठवितात, त्याचे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप करतात आणि त्यांवर रंगविलेली प्रतिपिंडे सोडतात. निरोगी स्नायूत डिस्ट्रॉफिन पाहिले तर प्रत्येक तंतूभोवती एक तेजस्वी कडे दिसते, आणि सारा काप मधाच्या पोळ्यासारखा शोभतो. ड्युशेनच्या रुग्णात तेच पोळे विझलेले असते. निदान करणाऱ्यास शंका उरत नाही.

कॅल्पेन-३च्या बाबतीत मात्र हा दिवा दोनदा दगा देतो. पहिला दगा असा की, ह्या प्रथिनास पातळ कापावर विश्वासाने चिकटेल असे प्रतिपिंड मिळणे कठीण. म्हणून तुकडा वाटून, त्यातील प्रथिने विजेच्या साहाय्याने पृथक् करून मग शोध घ्यावा लागतो. दुसरा दगा अधिक गंभीर. काही रुग्णांत प्रथिनाचे प्रमाण अगदी यथास्थित भरते, आणि तरीही रोग असतो. कचेरीत खुर्चीवर कोट टांगलेला आहे, हजेरीपटावर सही आहे, आणि कारकून मात्र कागदास हात लावीत नाही. हजेरी पाहणारा साहेब अशाने फसतो. इटलीतील पादुआ येथे मारिना फानिन, कोर्रादो आंजेलिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ह्याचा छडा लावला. कॅल्पेन-३चा एक विचित्र स्वभाव असा की, कामास लागली म्हणजे ती प्रथम स्वतःसच कापते. त्यांनी रुग्णांच्या स्नायूंतील कॅल्पेन स्वतःस कापते की नाही हे पाहिले. ज्यांच्यात प्रमाण ठीक होते अशा कित्येकांत ती मुळीच कापीत नव्हती. कात्री होती, धार नव्हती. नुसती हजेरी मोजून ज्यांना ‘हा रोग नव्हे’ असे सांगितले गेले असते, त्यांचे निदान ह्यामुळे झाले.

येथे मुंबईचा संबंध येतो. शहरातील सुविख्यात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. सतीश खाडिलकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे असे रुग्ण पाहत आले आहेत. अग्रवाल समाजातील रुग्ण त्यांच्याकडे विशेष प्रमाणात येत, ही गोष्ट ध्यानात आल्यावर त्यांनी अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठात काम करणाऱ्या डॉ. माधुरी हेगडे ह्यांच्या मंडळींबरोबर त्या रुग्णांच्या जनुकांची तपासणी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कॅल्पेन-३च्या जनुकातील दोन ठरावीक दोष पुन्हा पुन्हा आढळल्याचे दाखविले आहे. फार पूर्वीच्या कोणा पूर्वजांत घडलेली ती चूक, जातीतल्या जातीत सोयरिकी होत गेल्यामुळे, नकळत पुढे चालत आली. ह्यात त्या समाजास बोल लावण्याजोगे काडीचेही काही नाही. जातीत लग्न करण्याची चाल ह्या देशात जवळजवळ सर्वांचीच असल्यामुळे प्रत्येक ज्ञातीच्या पोतडीत अशी एखादी जुनी चूक असावयाचीच; अग्रवालांची शोधली गेली, इतरांपैकी पुष्कळांची शोधावयाची राहिली आहे, एवढाच काय तो फरक.

ह्या शोधाचा व्यवहारात फार उपयोग झाला. त्या दोन जागा माहीत असल्या म्हणजे योग्य रुग्णात स्नायूचा तुकडा काढण्यापूर्वीच थोड्या रक्तावर तपासणी करता येते, असे मुंबईच्याच तज्ज्ञांनी २०१६ साली लिहिले. जिन्याखालच्या त्या मुलाची आई डॉक्टरांना जो प्रश्न पहिल्याप्रथम विचारते, तो बहुधा त्याच्याविषयी नसतोच. धाकट्या मुलीविषयी असतो. आईबाप दोघेही प्रकृतीने धडधाकट असून दोघांकडे एकेक दोषी जनुक असले, तर प्रत्येक मुलास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. मुलीच्या वाट्यास काय आले आहे, हे पूर्वी ती जिन्यावर थांबू लागेपर्यंत कळत नसे.

मग काम संपले काय? तसे नाही. जनुकात एखादा नवाच, कधी न पाहिलेला बदल आढळला, तर तो निरुपद्रवी आहे की घातक, हे अक्षरे वाचून नेहमीच सांगता येत नाही. त्याकरिता कात्री चालते की नाही हेच पाहावे लागते. आणि वाटलेल्या स्नायूत ती चालली म्हणजे जिवंत स्नायूत, योग्य जागी, योग्य क्षणी चालेल असेही नाही. म्हणून खरे आव्हान आहे ते जिवंत स्नायूतील निरोप आणि निरोप वाचणारे प्रत्यक्ष कामात असताना पाहण्याचे.

ह्या वाटेवरील पहिला दिवा समुद्रातून आला. १९६१ च्या उन्हाळ्यात ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर येथे चमकणाऱ्या जेलीफिश गोळा करीत होते. त्यांचा अर्क काढण्याची खटपट फसली असे वाटून त्यांनी उरलेला रस कुंडीत ओतून दिला, आणि कुंडी निळ्या उजेडाने झळाळून उठली. कुंडीत समुद्राचे पाणी येत होते, आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असतो. रिंगर ह्यांच्या नळाच्या पाण्याचीच ही दुसरी आवृत्ती. कॅल्शियम लागताच प्रकाशणाऱ्या त्या प्रथिनास एक्वोरिन नाव मिळाले. त्याच्याबरोबर हिरवी प्रतिदीप्ती देणारे दुसरे एक प्रथिनही सापडले. १९६७ साली रिजवे आणि ॲशले ह्या दोघांनी बार्नेकल नावाच्या कवचधारी प्राण्याच्या स्नायूतंतूत एक्वोरिन भरले. ह्या प्राण्याची लहान भावंडे वांद्र्याच्या खडकांवर हवी तितकी दिसतात, पण त्यांनी निवडलेली जात मोठी असून तिचा एकेक स्नायूतंतू दोऱ्याएवढा जाड असतो. तंतूस विजेचा लहानसा धक्का देताच प्रथम प्रकाश चमकला आणि तंतू त्यानंतर आखडला. ताण पुरा वाढण्याच्या सुमारास प्रकाश मावळतही आला होता. निरोप आधी, काम मागून, हे इतके दिवस अनुमानाने म्हटले जात होते. ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

त्या हिरव्या प्रथिनाचे महत्त्व कळण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. १९९२ साली डग्लस प्रॅशर ह्यांनी त्याचे जनुक वेगळे केले. १९९४ साली मार्टिन चाल्फी ह्यांनी ते एका सूक्ष्म कृमीत घालून दाखविले. म्हणजे आता रंग बाहेरून लावावयास नको. पेशी आपला दिवा आपणच बनवू शकते. रॉजर त्सिएन ह्यांनी त्या हिरव्या दिव्यापासून निळे, पिवळे असे अनेक रंग काढले. शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन ह्या तिघांना २००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु दिवा जवळ असला म्हणजे काम दिसते असे नाही. काम दिसावयाचे तर ते होताच दिव्याचा रंग पालटला पाहिजे. ही करामत ज्या तत्त्वावर साधली ते संगीताच्या जाणकारांस सहज समजेल. सतारीची वरची तार छेडली म्हणजे खालच्या तरफांपैकी तिच्याशी जुळविलेली तरफ, बोट न लावता, झंकारू लागते. निळ्या दिव्याशेजारी त्याच्याशी जुळणारा पिवळा दिवा असला, तर निळ्यास मिळालेली शक्ती, प्रकाश बाहेर न पडता, पिवळ्यात उतरते आणि पिवळाच चमकतो. हे तत्त्व जर्मनीच्या थिओडोर फोर्स्टर ह्यांनी १९४८ साली गणिताने बसविले. अट एकच: दोन्ही दिवे एकमेकांच्या अतिशय निकट हवेत, मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाच्या आत. अंतर दुप्पट झाले की हे देणे चौसष्टपट मंदावते. म्हणजे ही दिव्यांची जोडी नव्हे, प्रथिनांच्या मापाची मोजपट्टीच होय. १९९७ साली मियावाकी आणि त्सिएन ह्यांनी दोन दिव्यांच्या मधोमध कॅल्मोड्युलिन बसविले. कॅल्शियम येताच ते मिटते, दिवे जवळ येतात आणि रंग बदलतो. कॅल्शियम गेला की ते उलगडते आणि रंग पूर्वपदावर येतो.

कात्रीकरिता ह्याच्या उलट रचना करावी लागते. दोन दिवे एका आखूड दुव्याने जोडावयाचे. दुवा असा निवडावयाचा की कॅल्पेनास तो कापता यावा. दुवा शाबूत तोवर पिवळा प्रकाश. दुवा तुटला की दिवे एकमेकांपासून दूर वाहून जातात आणि निळा प्रकाश उरतो. २००५ साली पॅरिसजवळील जेनेथाँ ह्या संस्थेतील मंडळींनी जिवंत उंदराच्या पायाच्या स्नायूत असा जोडदिवा घालून कॅल्पेनांचे कापणे प्रत्यक्ष पाहिले. ह्या मंडळींत इझाबेल रिशार होत्या. रेयुनियाँच्या कुटुंबांत दहा वर्षांपूर्वी ज्यांनी ते जनुक शोधले, त्याच.

वर्तमानपत्रांत ह्या प्रयोगांची जी झगझगीत चित्रे येतात, ती पाहून असा ग्रह होतो की आता सारे दिसू लागले. हा ग्रह बरोबर नाही, आणि चित्रे काढणारे शास्त्रज्ञ तो खाजगीत तरी बाळगीत नाहीत. पहिली अडचण अशी की, पाहावयाचा तो स्नायूच हलतो. तंतू आखडला की तो दृष्टीच्या टप्प्यातून सरकतो, आणि उजेड कमी झाला तो काम थांबल्यामुळे की तंतू बाजूस गेल्यामुळे, हे कळत नाही. ह्यावर तोड म्हणजे एका रंगाची तीव्रता न मोजता दोन रंगांचे परस्परप्रमाण मोजणे. तंतू हलला तरी दोन्ही रंग बरोबरच कमी होतात, प्रमाण ढळत नाही. दुसरी अडचण, स्नायूस स्वतःचीही मंद प्रतिदीप्ती असते. काजव्यामागे झाडच थोडेसे चमकावे तसे. तिसरी, प्रखर उजेडाखाली दिवा विटत जातो आणि पेशीही भाजते. चौथी सर्वांत सूक्ष्म आहे. कॅल्शियम पाहण्यास घातलेले प्रथिन कॅल्शियमच धरून ठेवते. म्हणजे निरोप्या किती वेगाने धावतो हे पाहण्यासाठी त्याच्याच बगलेत बोचके द्यावयाचे. दिवे फार झाले तर जे दिसते ते स्नायूचे वर्तन नव्हे, दिव्यांचे असते. आणि जोडदिव्याचा दुवा एकदा तुटला की पुन्हा जुळत नाही. कापणे झाले हे तो सांगतो, ते थांबले केव्हा हे सांगत नाही. शिवाय कॅल्पेन कुळातील कोणाची तरी कात्री चालते आहे एवढेच त्यावरून कळते. ती कॅल्पेन-३चीच, हे वेगळे सिद्ध करावे लागते.

एक अडचण मात्र मोठ्या कुशलतेने दूर झाली आहे. स्नायूसारख्या दाट वस्तूत प्रकाश खोल शिरत नाही; धुक्यातील मोटारीच्या दिव्यासारखा तो इतस्ततः विखुरतो. मारिया गप्पर्ट-मायर ह्यांनी १९३१ साली आपल्या प्रबंधात असे भाकीत केले होते की, तांबड्या बाजूच्या दुबळ्या प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी येऊन पडले, तर ते मिळून एका प्रबळ कणाचे काम करतील. त्यावरून १९९० साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या डेंक, स्ट्रिकलर आणि वेब ह्या त्रयीने नवा सूक्ष्मदर्शक उभा केला. तांबड्यापलीकडचा प्रकाश दाट मांसातूनही बराच खोल जातो, आणि दोन कण एकदम पडण्याइतकी गर्दी फक्त भिंगाच्या नेमक्या केंद्रबिंदूपाशी होते. म्हणून दिवा तेवढाच एक बिंदू उजळतो, वरचे-खालचे थर अंधारात आणि निर्धोक राहतात. जेनेथाँच्या मंडळींनी उंदराचा स्नायू पाहिला तो अशाच यंत्राने. वेब ह्यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आलेले डॉ. सुदीप्त मैती ह्यांनी मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ही विद्या रुजविली आहे. त्यांचा विषय मुख्यत्वे मेंदूच्या पेशींतील द्रव्ये हा असला, तरी पार्ल्याहून लोकलने तासाभराच्या वाटेवर ही यंत्रविद्या घरची झालेली आहे, हे काही थोडे नव्हे.

उपचाराच्या बाबतीत कोठे आणि केव्हा ह्या दोन प्रश्नांचे मोल किती, हे उंदरांनीच दाखवून दिले. ज्या उंदरांत कॅल्पेन-३ नव्हते, त्यांस निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून चांगले जनुक पोहोचविण्याचे प्रयोग जेनेथाँमध्येच झाले. पायांच्या स्नायूंत कॅल्पेन-३ पुन्हा तयार होऊ लागले. पण विषाणू रक्ताबरोबर हृदयातही गेला, आणि ज्या हृदयास ह्या कात्रीची सवय नव्हती, तेथे ती चालू लागताच हृदयाच्या स्नायूस इजा होऊ लागली. प्रथिन हजर होते, धारदारही होते. फक्त जागा चुकली होती. कॅल्पेनाचा रोग स्वतः हृदयास सहसा शिवत नाही, आणि येथे उपायच त्याच्या जिवावर उठला होता. २०१३ साली त्यांनी त्या जनुकास अशी एक खूण जोडली की हृदयाच्या पेशीत शिरताच ते गप्प बसावे आणि पायाच्या स्नायूत बोलावे. ह्या खेपेस उंदरांची हृदये सुखरूप राहिली आणि पायांचे स्नायू सुधारले. रोगास थांबवील असे औषध अद्याप वैद्यांच्या हाती आलेले नाही. पार्ल्याच्या त्या मुलास तूर्त बेताचा व्यायाम, अतिश्रम टाळण्याचा सल्ला आणि धाकट्या बहिणीच्या रक्ताच्या तपासणीचा कागद, एवढेच घेऊन दवाखान्यातून परतावे लागते.